खुनाचे चौदावे रीळ

वेल्हे
दि. २० जानेवारी १९६९
सकाळी साडेसहा, तंबूच्या दारात कालची फाटकी तिकिटे वेचताना

ती. मानसिंगदादांस,

ज्ञानूचा नमस्कार. येथे सर्व ठीक नाही, म्हणून तिकिटे अर्धी वेचून पत्र लिहायला बसलो.

काल रात्री आपल्या वेल्ह्याच्या तंबूत ‘तंबोरा साक्षी आहे’ पहिल्यांदा लागला. भोरच्या तंबूतून तुम्ही एस.टी.च्या टपावर टाकून दिलेले डबे मी स्वतः उतरवून घेतले होते. झाकणांवरचे आकडे एक ते चौदा लावून पाहिले. सगळे बरोबर होते. माझी चूक असेल तर एवढीच, की मी आकडे पाहिले आणि आत काय आहे ते पाहिले नाही.

तुम्ही हा सिनेमा पाहिलेला नाही म्हणून थोडक्यात सांगतो. एक मोठे गवईबुवा असतात. ते एका इनामदाराच्या बंगल्यावर रात्रभर गातात. त्यांनी वरचा सा लावला की दिवे जातात, आणि दिवे येतात तेव्हा साथीदारांपैकी एक जण मरून पडलेला असतो. गळ्याभोवती तंबोऱ्याची तार असते. आधी सारंगीवाला जातो, मग पेटीवाला. तरी इनामदार मैफल थांबवत नाही, कारण राग अर्धवट टाकणे अशुभ असते. तेराव्या रिळाच्या शेवटी इन्स्पेक्टर म्हणतो की खुनी याच खोलीत आहे, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत सरकतो. तंबूत तेव्हा कोणी बिडीसुद्धा ओढत नव्हते.

मग चौदावे रीळ लागले. त्यात एकदम ढग आले. ढगांतून देव आला.

पुढच्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. त्यांना वाटले, पोलिसाला जमले नाही म्हणून देव स्वतः आला. देवाने एका बाईला आशीर्वाद दिला. ती बाई आधीच्या तेरा रिळांत कुठेच नव्हती, पण ती इतकी रडली की आपल्या तंबूतल्या बायकाही रडल्या. मग आरती झाली. कोणीतरी पडद्यावर दहा पैसे फेकले. समाप्त.

बायका समाधानाने उठल्या. पुरुष बसून राहिले. देव आला ते बरेच झाले, पण खून कुणी केला ते सांगा, नाहीतर पैसे परत करा, असे म्हणू लागले. आपले मालक काल भोरहून इकडेच आले होते, ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, तू सहावीपर्यंत शिकलेला आहेस, माईक घे आणि सांग. मी म्हटले, मला माहीत नाही. ते म्हणाले, माहीत करून घे, गल्ल्याची पेटी मी उघडणार नाही.

दादा, मी वजाबाकी केली. सारंगीवाला मेला, पेटीवाला मेला. तंबोरा धरणारी मुलगी नायिका आहे. गवईबुवा गात असतात, त्यांचे हात सगळ्यांना दिसतात. इनामदाराचा एक मुनीम आहे, पण तो बिचारा कोपऱ्यात बसून माना डोलावतो. उरला पखवाजी. तो सबंध सिनेमात एक शब्द बोलत नाही आणि अर्धे तोंड फेट्यात ठेवतो. मी माईकवर सांगितले, “मंडळी, खून पखवाज्याने केला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला तिसऱ्या रांगेत मार्गासनीचे कोंडिबा दिसले. ज्यांच्या सगुणाशी माझी सुपारी दिवाळीनंतर फुटली, ज्यांच्या मांडवात मला फाल्गुनात उभे राहायचे आहे, आणि जे पंचक्रोशीत एकटेच पखवाज वाजवतात, ते कोंडिबा. त्यांचे सगळे भजनी मंडळ त्यांच्याकडे बघत होते. ते उठले, धोतर झटकले आणि माझ्याकडे न बघता गेले.

तरी खरा खुनी कोण ते उलट टपाली कळवावे. तो पखवाजी नसावा.

आपला
ज्ञानू


भोर
२२ जानेवारी

चि. ज्ञानू यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी लई हसलो, मग तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं, ती जास्त हसली. आता ऐक, काय घोटाळा झाला.

दोन्ही सिनेमे एकाच गाडीनं पुण्याहून आले, एक खुनाचा, एक देवाचा. दोन्हीचे डबे चौदा चौदा. देवाचा सिनेमा आला की भोरातल्या बाया आदी डब्याला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, मगच खेळ. तुला ठावं हाय. ज्या डब्यात देव परगट होतो तोच डबा त्यांना लागतो, म्हंजे शेवटचा. माळवदकरबाई ताट घेऊन दारात उभ्या, मागं तीस बाया. म्या अंधारात हाताला आला तो चौदा नंबर काढून दिला. त्यो खुनाचा व्हता. हळदकुंकू लागलं म्हणल्यावर तोच देवाचा, हे मी बी धरून चाललो. दुसरा चौदा नंबर तुझ्या गठ्ठ्यात गेला.

आमच्याकडं काय झालं ते तुला हसायला सांगतो. देवाच्या सिनेमातली सती देवळात डोकं टेकवते, तेरावं रीळ संपतं, बाया निरांजन लावून उभ्या राहतात, आणि पडद्यावर एक हात तंबोऱ्याची तार सोडवायला लागतो. माळवदकरबाईंच्या हातातलं ताट पडलं. खाली बोंब झाली. मी मशीन घाईत थांबवलं, आणि थांबलेली फिल्म दिव्यापुढं जळली, चांगलं रुपयाएवढं भोक पडलं.

आता तू विचारशील खुनी कोण. अरे, मी आयुष्यात एका सिनेमाचा शेवट बघितलेला न्हाई. शेवटचं रीळ सुरू झालं की मी तेरावं उलटं गुंडाळायला बसतो, न्हाईतर दुसऱ्या खेळाला उशीर व्हतो. मला सगळ्या सिनेमांची सुरुवात पाठ हाय. नट कुणाशी लगीन करतो ते मला वहिनी सांगते.

जळकं रीळ मालक पुण्याला जोडायला घेऊन गेलेत. देवाचं रीळ उद्याच्या गाडीनं परत धाड, बाया रोज येऊन विचारतात.

कोंडिबांचं मनावर घेऊ नको. सिनेमातला पखवाजी आणि ते, काय संबंध.

मानसिंग


वेल्हे
२५ जानेवारी

ती. मानसिंगदादांस,

देवाचे रीळ काल सकाळच्या गाडीने पाठवले. कंडक्टरच्या हातात दिले आणि आत काय आहे ते झाकण उघडून त्यालाही दाखवले.

तुम्ही लिहिता काय संबंध. संबंध मार्गासनीला जाऊन बघावा. मी परवा गेलो होतो. गिरणीवर दळण घेऊन उभ्या असलेल्या बायांनी मला आधीच सांगितले, पावण्या, सासऱ्याच्या शेजारी बसू नको. पोरे कोंडिबांना बघितले की गळ्याला हात लावून जीभ बाहेर काढतात. भजनाला गेल्या खेपेस टाळकरी नेहमीपेक्षा दोन हात लांब बसले, आणि बुवांनी वरचा सूर लावायच्या आधी कंदिलाची वात वर केली, म्हणून कोंडिबांनी तेथेच पखवाज गुंडाळला.

मी ओटीवर बसलो. त्यांनी मला गूळ दिला नाही, नुसते पाणी दिले. सगुणा दाराआडून हसत होती. ती कशाला हसत होती ते मला कळले नाही. माझ्या सदऱ्याची गुंडी लागलेली होती, मी दोनदा बघितली.

मी माफी मागितली. ते बराच वेळ पखवाजाला कणीक थापत राहिले. मग म्हणाले, “माझ्या बानं ह्यो पखवाज वाजवला. आज्यानं वाजवला. दारू प्याले, एकानं बैल बी विकून खाल्ला, न्हाई म्हणत न्हाई. पण खून एकानं केला न्हाई.”

मी म्हटले, मामा, ती माझी वजाबाकी चुकली असेल.

“मग पडद्यावर खरा खुनी दाव,” ते म्हणाले. “समद्या गावाला दाव. त्यो दुसरा निघाला तर लगीन. पखवाजी निघाला तर सुपारी परत. आन् तवर हिकडं यायचं न्हाई.”

दादा, मी तंबूत बसून रोज तेरा रिळे बघतो. (मालकांनी पुण्याला जाताना खेळ चालू ठेवायला सांगितले आहे. लोक शेवट नसला तरी येतात, आणि बाहेर पडून भांडतात.) जितके बघावे तितका तो पखवाजीच वाटतो. काल त्याने एकदा कॅमेऱ्याकडे अशा नजरेने बघितले की मला रात्री जेवण गेले नाही. सगुणाच्या घरी मला पुन्हा जाता येईल का, हे त्या पुण्याच्या दुकानात पडलेल्या फिल्मवर आहे. रीळ कधी येणार ते कृपया मालकांना विचारावे.

आपला
ज्ञानू


भोर
२९ जानेवारी

चि. ज्ञानू,

मालकांचा निरोप आला, रीळ पुढच्या आठवड्यात मिळेल. दुकानदार म्हणतो लग्नसराईच्या फिल्मा आधी.

मी भोरात चौकशी केली. ज्यांनी त्या दिवशी ते जळायच्या आधीचं बघितलं त्यांना विचारलं. माळवदकरबाई म्हणतात हात बाईचा व्हता. न्हावी म्हणतो हातावर लव व्हती, इन्स्पेक्टरचा असणार, कारण पोलीस असंच करतात. रामभाऊ चहावाला म्हणतो खुद्द गवईबुवा, कारण त्यांना साथ आवडत नसंल. म्हंजे बघ, पखवाजी कुणीच म्हणलं न्हाई.

म्हणून मी तुझ्या वतीनं कोंडिबांना एक पत्र टाकलंय. त्यात लिहिलं की पुण्याहून पक्की खबर आली, खुनी पखवाजी न्हाई, दुसराच हाय, बाजारच्या दिवशी रीळ लावून साऱ्या तालुक्यापुढं तुमची अब्रू धुवून देतो. खबर आलेली न्हाई, पण आली असती तर हीच आली असती. तू आता जेवत जा.

आणि न्हाईच जमलं तर सारोळ्याला एक स्थळ हाय. बाप फक्त शेती करतो, काही वाजवत न्हाई.

मानसिंग


मार्गासनी
४ फेब्रुवारी

श्री. मानसिंगराव यांना कोंडिबा यांचा रामराम.

तुमचं पत्र पावलं. तुमी लिवलं की आमची अब्रू धुवून देता. तर कृपा करून धुऊ नका.

त्याचं असं झालं. पहिले आठ दिस मला लई वंगाळ वाटलं. पण मंग बांधावरून भांडणारा गेनबा आपून होऊन बांध सोडून वीतभर मागं सरला. दुकानदार उधारीचं नाव काढीना, वरनं तपकीर देतो. आन् भजनाला माणूस मावंना. आदी आमचं भजन म्हंजे आमी सात जण आन् एक कुत्रं. आता किकवीपतोरची मानसं येत्यात, खुनी पखवाजी दावा म्हणत्यात. मी थाप मारली की पुढची रांग डोळं मिटती. तीस वरीस वाजवतोय, पण असं कुनी कदी ऐकलं न्हाई. नसरापूरच्या जत्रंचं बोलावणं आलंय. मानधन देनार.

तवा आता खुनी दुसरा निघाला तर मी कोन? मंग पुन्हा सात जण आन् कुत्रं. म्हणून ज्ञानूला सांगा, रीळ लावू नको. लावलं तर पोरगी मिळनार न्हाई. हे माझं शेवटचं.

कोंडिबा

(हे मी सगुणा लिहिते. वडील चहा प्यायला आत गेले आहेत. त्यांनी सांगितले तसेच लिहिले आहे. मी चौथीपर्यंत शिकले. वडील सध्या आरशापुढे फेटा बांधून अर्धे तोंड झाकून बघतात. मी तेव्हा दाराआड का हसत होते ते ज्ञानूला कळवावे: त्याने माफी मागताना चपला हातात धरल्या होत्या. मला सारोळ्याची मुलगी चालणार नाही; तिचे स्थळ तुमच्या पत्रात लिहून खोडलेले होते, पण वाचता आले.)


भोर
७ फेब्रुवारी

ज्ञानू,

सोबत कोंडिबांचं पत्र जोडलंय, ते आदी वाच आणि खाली बस.

वाचलंस? आता पुढचं. रीळ आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी शेवट बघितला. भर दुपारी तंबूत एकटा बसलो, ऊन येत व्हतं, तरी दिसलं. खुनी त्यो मुनीम. कोपऱ्यात माना डोलावणारा. इन्स्पेक्टर विचारतो का केलंस, तर म्हणतो, वीस वर्षं मालक मला रात्ररात्र गाण्याला बसवतो, मला त्यातलं काही कळत न्हाई, मला सकाळी जमाखर्च लिहायचा असतो, मला झोप पायजे. साथीदार संपले की मैफली बंद व्हतील असं त्याला वाटलं. मला तर त्याची दया आली.

रीळ उद्याच्या गाडीनं येतं. बाजारच्या दिवशी ‘खरा शेवट’ म्हणून मालकांनी दवंडी दिलीय आणि तिकीट वाढवलंय. न लावशील तर नोकरी जाईल, लावशील तर बायको. तुझ्या जागी मी असतो तर पुन्हा भोक पाडलं असतं. आगकाडी डब्यात ठेवतो.

मानसिंग


वेल्हे
दि. ११ फेब्रुवारी १९६९
दुपारी चार, तंबूची दोरी सुकायला टाकून

ती. मानसिंगदादांस,

काडी परत पाठवत आहे.

रीळ आले ते मी एकट्याने लावून बघितले आणि त्याच संध्याकाळी मार्गासनीला गेलो. यायचे नाही असे सांगितलेले होते, पण न सांगता लावणे मला पटले नाही. या वेळी चपला बाहेर काढल्या. कोंडिबा आरशापुढे होते. मी म्हटले, मामा, खुनी मुनीम निघाला.

त्यांनी फेटा सोडला. मग हळू आवाजात म्हणाले, “कुनाला सांगितलं?”

मी म्हटले, कोणालाच नाही.

“मंग ऱ्हाऊ दे की. तुझं बी भलं, माझं बी.”

मी सांगितले, “मामा, एकदा न बघता बोललो, ते झालं. आता बघितल्यावर झाकता येणार नाही. लोकांनी शेवटाचे पैसे भरलेत.”

“मंग लगीन न्हाई.”

मी बरे म्हटले आणि निघालो. सगुणा गोठ्याशी उभी होती. म्हणाली, आज चपला विसरलास. मी परत जाऊन चपला घातल्या. फार रडू आले होते म्हणून गाडी न धरता चालतच वेल्ह्याला आलो.

बाजारच्या दिवशी तंबूला कनात पुरली नाही. कोंडिबा आले, आणि लपूनछपून नव्हे. पखवाज काखेत, फेटा नाकापर्यंत. त्यांना लोकांनी आपोआप पुढे जागा करून दिली. मी मनात म्हटले, यांचा हा शेवटचा दिवस, आणि तो मीच आणला.

चौदावे रीळ लागले. मुनीम उठला, झोपेचे बोलला, पकडला गेला. समाप्त. दिवे लावले. कोणीच उठेना. मग मागून एक जण म्हणाला, “ह्ये खोटं हाय.”

दुसरा म्हणाला की झोप यावी म्हणून कोणी खून करतो का. तिसरा म्हणाला, तीन आठवडे पखवाजी होता, आज मुनीम कसा झाला, मध्ये रीळ पुण्याला कशाला गेले होते. सगळे एकदम कोंडिबांकडे बघू लागले. कोणीतरी हळूच म्हणाले, कोंडिबानं पुण्याला दम भरला, आन् कंपनीनं घाबरून शेवट बदलला.

मी धावत जाऊन माईक घेतला. स्पष्ट सांगितले की मंडळी, हाच खरा शेवट आहे, पखवाज्याचे मी माझ्या मनाने सांगितले होते, चूक माझी. त्यावर सगळा तंबू हसला. पहिल्या रांगेतली ठकुबाई म्हणाली, “पोरगं सासऱ्याला भितंय गं. लगीन तोंडावर आलंय.”

मी तीनदा सांगितले. जितके सांगावे तितके ते मान हलवत होते, जसे खोटे बोलणाऱ्याला समजून घेतात तसे.

कोंडिबा उठले. कोणाकडे बघितले नाही. पखवाजावर एकच थाप मारली. पुढच्या दोन रांगा मागे सरकल्या. मग ते माझ्यापाशी आले, माईक चालूच होता, आणि म्हणाले, “जावईबापू, मांडवात ह्यो भोंगा पायजे.”

लग्न फाल्गुनात ठरल्याप्रमाणे. नसरापूरच्या जत्रेने मानधन दुप्पट केले, पण आयोजकांनी विचारले आहे की कोंडिबा रात्री मुक्काम कुठे करणार. मी सगुणाला विचारले, तुला तरी खरे वाटते ना की मुनीमाने केला. ती म्हणाली, मला काय, मी बघितला कुठे, लग्नानंतर फुकट बघून सांगेन.

मालकांना द्यायचा हिशेब तुमच्याकडेही असावा म्हणून खाली लिहितो.

खर्च:
डबे पाठवणे-आणणे, कंडक्टरच्या चहासह — २ रु. १० पैसे
मार्गासनीला दोन खेपा (दुसऱ्या खेपेला परत येताना चालत) — ९० पैसे
डब्यावरचे हळदकुंकू पुसायला रॉकेल — १५ पैसे
पत्रांची टपाल तिकिटे — ६० पैसे
एकूण — ३ रु. ७५ पैसे

येणे:
पडद्यावर फेकलेले दहा पैसे, ते देवाचे म्हणून भोरच्या तंबूकडे वर्ग.

देणे:
किकवीच्या भातगिरणीतले मुनीम कालपासून तंबूच्या दारात बसून आहेत. त्यांचे तिकिटाचे ७५ पैसे मी परत देऊ केले, ते घेत नाहीत. गिरणीतल्या लोकांनी मात्र तो शेवट खरा मानला, आणि आता कोणी त्यांच्या शेजारी बसेनासे झाले आहे. खुनी पखवाजीच आहे असे मी पुन्हा एकदा माईकवर सांगावे, एवढेच त्यांचे मागणे आहे.

आपला
ज्ञानू